वर्गातली पेंग

खरं सांगा, डबा खाल्ल्यानंतरच्या तासाला तुम्हाला पेंग येते की नाही? लाजू नका. आमच्या चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा रोज तीनच्या सुमाराला डुलक्या काढायचा. मी त्याला किती वेळा उभं केलं, त्याची गणतीच नाही. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाले, "रात्री टीव्ही बघत बसतोस ना?" तो मान खाली घालून उभा राहिला. बोलला काहीच नाही.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेरची. आमच्या खानदेशात तेव्हापासूनच ऊन तापायला लागतं, आणि सकाळची शाळा सुरू व्हायला तर अजून अवकाश असतो. दुपारी वर्गाची भट्टी व्हायची. पालकसभेत ठरलं, वर्गणी काढून आणखी तीन पंखे घ्यायचे.

त्याच आठवड्यात माझा भाचा आमच्याकडे राहायला आला. तो पुण्याला वास्तुकला शिकतो. म्हणाला, "मावशी, पैसे खर्च करण्याआधी तुझा वर्ग एकदा कॉम्प्युटरवर बांधून बघू या का?"

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन वर्गात आला. त्यात एनर्जीप्लस नावाचा प्रोग्रॅम होता. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तो तयार करवून घेतला आणि २००१ साली पहिल्यांदा लोकांना दिला. तो फुकट मिळतो. तो करतो काय? तर चक्क जमाखर्च! पासबुकात पैशांचा हिशेब असतो ना, तसा इथे उष्णतेचा. जमेच्या बाजूला तापलेलं छत, खिडकीतून येणारं ऊन, दिवे आणि तुम्ही मुलं!

हो, तुम्हीसुद्धा! शांत बसलेलं एक मूल साधारण ७५ वॅट उष्णता बाहेर टाकतं. आमची मुलं ४०. गुणाकार करा. ३,००० वॅट! म्हणजे १,००० वॅटच्या तीन इस्त्र्या वर्गात सतत चालू. मुलं एकमेकांना "ए इस्त्री, ए इस्त्री" म्हणून चिडवायला लागली.

खर्चाच्या बाजूला खिडक्यांतून बाहेर जाणारी हवा आणि रात्री निवणारं छत. जी शिल्लक राहील, तिने वर्ग तापणार. असा हिशेब वर्षातल्या प्रत्येक तासाचा, म्हणजे ३६५ गुणिले २४, एकूण ८,७६० तासांचा. हाताने करायला बसलो तर चौथी कधी संपायचीच नाही!

मुलांनी टेपने वर्ग मोजला. लांबी साडेसात मीटर, रुंदी सहा, उंची तीन. विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब. खिडक्या चार, झरोके दोन. "सगळे उघडे," मी सांगितलं. भाच्याने आकडे भरले आणि उत्तर आलं, दुपारी तीनला वर्गात ३५ अंश. भिंतीवरचा तापमापक मात्र ३८ दाखवत होता!

"तुझा कॉम्प्युटर चुकला," मी म्हणाले.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, माझ्यामागची खिडकी उघडतच नाही. तिला कपाट टेकवलंय. आणि झरोक्यांना तुम्हीच पुठ्ठे लावले होते. पारवे यायचे म्हणून."

मी वर पाहिलं. खरंच की! दोन वर्षांपूर्वी मीच लावले होते आणि पार विसरूनही गेले होते. कॉम्प्युटर बिचारा चुकला नव्हता. त्याला मी जे सांगितलं, त्यावर त्याने विश्वास ठेवला होता.

खरी माहिती भरली, तेव्हा उत्तर ३८ च्या अगदी जवळ आलं. मग भाच्याने हवेचा हिशेब काढला. बाहेरच्या हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२५ भाग असतात. ४० जण बसलेल्या कोंदट खोलीत तेच तासाभरात दोन हजारांच्या पुढे जाऊ शकतात. अशा हवेत डोकं जड होतं, लक्ष लागत नाही, झोप येते. आणि सगळ्यांत कोंदट कोपरा कुठला? बंद खिडकीजवळचा, शेवटच्या बाकाचा. माझ्या मनात चर्र झालं.

आता उपाय. आधी कॉम्प्युटरमधल्या वर्गाला तीन पंखे लावले. तापमान जराही उतरलं नाही! पंखा हवा गार करत नाही. ती अंगावरून फिरवतो, घाम वाळतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. शिवाय ७५ वॅटचे तीन पंखे सहा तास चालले, तर रोज १.३५ युनिट वीज लागणार. मग छताला चुना दिला, झरोके उघडले, कपाट हलवलं. या वेळी जवळजवळ तीन अंश उतरले. पांढरा चुना ऊन परतवतो. गरम हवा हलकी होऊन झरोक्यातून वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते. दुपारी ती गरम असते हे खरं, पण ताजी असते. आणि रात्री झरोके उघडे राहिले की स्लॅबही निवतो.

हीच युक्ती झिंबाब्वे देशातल्या हरारे शहरात एका भल्यामोठ्या इमारतीत वापरली आहे. तिचं नाव ईस्टगेट सेंटर. ती १९९६ साली सुरू झाली. वास्तुकार मिक पिअर्स यांना ती कल्पना वाळवीच्या वारुळांवरून सुचली. रात्रीची गार हवा आत खेळवून काँक्रीट गार करून ठेवायचं, की दिवसा तेच गारवा देतं.

आम्ही पंख्यांचा बेत रद्द केला. त्याहून कितीतरी कमी पैशांत चुना आला आणि पारव्यांसाठी जाळीही आली. तापमापकावर तीन नाही, पण दोन अंश उतरले.

मग मी वर्गासमोर उभी राहिले आणि त्या मुलाला म्हणाले, "माझं चुकलं. झोप तुझी नव्हती, हवेची होती." तो नुसता हसला. अजूनही कधीकधी पेंगतो हं! पण आता मी आधी खिडकीकडे बघते, मग त्याच्याकडे.

तुम्ही उद्या एवढंच करा. वर्गातल्या खिडक्या मोजा. आणि त्यांतल्या खरोखर किती उघडतात, तेही मोजा. आणि आईबाबांनो, नवा पंखा किंवा एसी घेण्याआधी एकदा घरातले झरोके बघून घ्या. पुठ्ठा कदाचित तुम्हीच लावलेला असेल!