पाठचा हिवाळा

ऋतू बदलला असे नेमके केव्हा म्हणावे, हा प्रश्न आम्हांला कित्येक वर्षे निव्वळ वाङ्मयीन वाटत असे. ‘ऋतुसंहारा’त कालिदासाने त्याची सोय लावून ठेवली आहे: ग्रीष्मापासून आरंभ, वसंतात शेवट, सहा ऋतूंना सहा सर्ग. एक सर्ग संपला की दुसरा सुरू. पुढे नोकरीनिमित्त हेलसिंकीला येऊन राहिलो, सायकलीने कामावर जाऊ लागलो, आणि हाच प्रश्न दर मार्चअखेर हातात पान्हा घेऊन आमच्यापुढे उभा राहू लागला. सायकलीचे हिवाळी टायर उतरवून साधे टायर केव्हा चढवावेत?

ज्यांनी असले टायर पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा. या टायरांच्या रबरात टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवलेले असतात. कुठे शंभरावर, कुठे दोनशे चाळीस. बर्फात ते रुततात आणि चाक घसरू देत नाहीत. उघड्या डांबरावर मात्र फोडणीत मोहरी तडतडावी तसा त्यांचा आवाज होत राहतो, चाक जड चालते आणि पोटऱ्या भरून येतात. मार्च सरता सरता रस्ता जागोजाग काळा दिसू लागतो, तेव्हा ही तडतड ‘अजून किती दिवस?’ असे विचारत असल्याचा भास होतो.

मोटारींपुरते याचे उत्तर कायद्याने दिले आहे. फिनलंडमध्ये २०२० पासून असा नियम आहे, की नोव्हेंबर ते मार्चअखेर, हवामान किंवा रस्त्याची स्थिती मागेल तेव्हा, हिवाळी टायर हवेतच. म्हणजे निव्वळ तारखेवर कायद्याचाही भरवसा नाही. तो रस्त्याकडे पाहायला सांगतो. सायकलस्वारावर तीही सक्ती नाही. त्याचा निर्णय त्यानेच घ्यायचा.

आम्ही तो पंचांगावर सोपवला. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला होता. स्कीच्या काठीला गुढी बांधली, गॅलरीत उभारली. ऊन लख्ख पडले होते, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळवंडून खचले होते. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त आयता हाताशी आलेला. श्रीखंड झाल्यावर तळघरात उतरलो आणि दोन्ही टायर बदलून टाकले. दुसऱ्या दिवशी नि:शब्द, हलकी सायकल चालवताना झालेला आनंद आजही आठवतो.

तो आठ दिवस टिकला. आमचा रस्ता मुंक्किनिएमीहून कूसिसारी आणि लेहतिसारी या बेटांवरून ओतानिएमीला जातो. वाटेत समुद्रावरचे पूल लागतात. त्या सकाळी खिडकीबाहेरचा तापमापक शून्याच्या वर दोन अंश दाखवत होता. पुलावर डांबर नुसते ओलसर दिसले. पुढचे चाक गेले ते कळलेच नाही. कळले ते उजव्या मनगटातून कळ आली तेव्हा.

कारणे नंतर समजली. हवेचे तापमान माणसाच्या उंचीवर मोजतात आणि चाक चालते जमिनीवर. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि हवेपेक्षा अधिक गार होते. पुलाला तर खालून मातीची ऊबही नसते. आदल्या दुपारी कडेच्या ढिगातून वितळून आलेले पाणी तिथे रात्रीत गोठले होते. इकडे त्याला काळा बर्फ म्हणतात, पण तो काळा नसतो. पारदर्शक असतो, म्हणून त्यातून डांबर दिसते.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. पुण्याला आईला काही सांगितले नव्हते. पण व्हिडिओवर बोलताना ताट समोर होते, आणि तिने एवढेच विचारले, ‘डाव्या हाताने का जेवतो आहेस रे?’

त्या दिवसांत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आम्हांला ‘ताकाताल्वी’ हा फिन्निश शब्द शिकवला. ‘ताल्वी’ म्हणजे हिवाळा, ‘ताका’ म्हणजे मागचा. वसंत आला असे वाटल्यावर परत फिरणारा हिवाळा. आम्ही मनातल्या मनात त्याचे ‘पाठचा हिवाळा’ असे मराठी केले. पाठचा भाऊ म्हणतो ना आपण, तसा थोरल्याच्या पाठीवर झालेला हा धाकटा. थोरला गेला म्हणून घर रिकामे झाले असे समजू नये.

पुढच्या वर्षी आम्ही दुसरे टोक गाठले. मे अर्धा सरला, लोक अर्ध्या बाह्यांत फिरू लागले, तरी आमचे खिळे तडतडतच होते. रस्त्यावरची मुले वळून पाहत. ते शहाणपण नव्हते, भीती होती. पाडव्याला पंचांग पाहून रस्ता पाहिला नव्हता. आता मनगट आठवून रस्ता पाहत नव्हतो.

सहकारी यावर हसला नाही. त्याने सांगितले, आधी मागचा टायर बदल, पुढचा राहू दे. मागचे चाक घसरले तर तोल सावरता येतो. पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. आणि दिवसाचे ऊन पाहू नकोस, रात्रीचा पारा पाहा. सगळा रस्ता पाहू नकोस, त्यातली सर्वांत वाईट जागा पाहा. आमच्यापुरती ती जागा म्हणजे तो पूल.

साहित्याचा इतिहास शिकताना आपण कालखंडांच्या सीमारेषा अशाच ठळक आखतो. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या आणि नवकवितेचे पर्व सुरू झाले, असे आम्हीही परीक्षेत लिहिले आहे. पण त्या वर्षीही, आणि पुढे कितीतरी वर्षे, जुन्या वळणाची कविता लिहिली जात होती, वाचलीही जात होती. एक चाक पुढच्या ऋतूत, एक मागच्या, अशीच बहुधा कालखंडांची खरी चाल असावी.

आता वसंतात काही आठवडे आमची सायकल अशी मिश्र चालते. निरभ्र रात्रीनंतर पुलाशी उतरून बुटाचा तळ डांबरावर घासून पाहतो. आई फोनवर विचारते, ‘बर्फ गेला का रे तुमचा?’

‘मागच्या चाकाचा गेला,’ आम्ही सांगतो. ‘पुढच्याचा अजून आहे.’