चिंधीला लागलेला रंग

माझ्या नखांच्या कडेला लाल दिसतं तो गुलाल नव्हे. गाडीचा रंग आहे. साबणानं जात नाही. थिनरनं जातो, पण मग कातडीही सोलते.

मी गाड्या रंगवतो. १९८८ साली, चौदा वर्षांचा असताना, बापानं मला कुर्ल्याच्या एका गॅरेजात नेऊन उभं केलं. बाप १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलेला, हातात झाडू. उस्तादाला म्हणाला, "पोराला हुन्नर द्या. झाडू सोडून काहीबी द्या." उस्तादानं पाण्याचं डबडं दिलं आणि वॉटर पेपर. दोन वर्षं मी नुसता घासत होतो. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यातच, त्यामुळं आमच्या दारात पद्मिनींची रांग.

२०१९ साली एक साहेब आपली जुनी लाल पद्मिनी घेऊन आले. छत नि बॉनेट उन्हानं गुलाबी पडलेलं, वर खडूसारखी भुकटी. साहेब म्हणाले, "रंग मेलाय. सगळा खरवड आणि नवा मेटॅलिक मार." दुसऱ्यानं लगेच खरवडायला घेतलं असतं, पैसा त्यातच आहे. मी म्हणलं, "आधी बघू."

कसं बघायचं ते सांगतो, कारण आपल्या पोरांना हे कुणी लिहून देत नाही. गाडी स्वच्छ धुवायची, नाहीतर चिंधीला मळ लागतो आणि तुम्ही त्याला रंग समजता. मग डिकीच्या झाकणाखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर थोडं पॉलिश घेऊन घासायचं. चिंधी पांढरीच राहिली तर वर क्लिअर आहे. म्हणजे रंग खाली, आणि चमक वरच्या काचेसारख्या थरात. चिंधीला गाडीचा रंग लागला तर तो सिंगल स्टेज. तिथं रंग वेगळा आणि चमक वेगळी असं नसतं. एकच थर, तोच रंग, तोच चमकतो.

दुसरी परीक्षा थिनरची, तीही लपलेल्या जागीच, एका थेंबाची. जुना ड्युको असेल तर पन्नास वर्षांनीही विरघळतो. कारण तो नुसता थिनर उडून सुकलेला असतो. भट्टीत भाजलेला इनॅमल सुकताना आतून बदललेला असतो. तो तसा विरघळत नाही.

मी चिंधी घासली. लाल झाली. साहेब ओरडले, "अरे, माझा रंग काढतोयस!" मी म्हणलं, "साहेब, ही मेलेली कातडी आहे. ऊन रंगातला धरून ठेवणारा पदार्थ खातं, मग वरची पूड मोकळी पडते. खाली रंग जिता आहे."

तीन दिवस लावले. तेलकट, न खरवडणारं पॉलिश भरपूर चोपडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी खरबरीत टॉवेलनं पुसलं. पुन्हा चोपडलं. टॉवेल लाललाल. मग बारीक पॉलिश, हलक्या हातानं. शेवटी मेण. मशीनला हात लावला नाही. सगळा रंग कागदाच्या जाडीएवढा, आणि बॉनेटच्या धारेवर त्याहून पातळ. तिथं जरा जोर दिला की प्रायमर दिसलाच, आणि गेलेला रंग कुठलं पॉलिश परत आणत नाही. तिसऱ्या दिवशी बॉनेटमध्ये साहेबांचं तोंड दिसायला लागलं.

साहेब खूश. चहा मागवला. माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "तुम्हा लोकांच्या हातात जादू असते हं. डोक्याचं काम नाही जमत, पण हात!"

मी चहा खाली ठेवला. म्हणलं, "साहेब, डोकं नसतं तर पहिल्याच दिवशी तुमची गाडी खरवडली असती." ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी आहे. त्या दिवशी ते मला चहाच्या कपात दिसलं. चिंधीवरचा रंग वाचणं, थिनरचा थेंब वाचणं, धारेवर हात थांबवणं हे कॉलेजात शिकवलं तर रसायनशास्त्र. आम्ही केलं तर जादू.

पण दोस्तांनो, हुन्नराचा नुसता अभिमान धरून भागत नाही. जुन्या लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांत शिशाचं क्रोमेट असू शकतं. दोन वर्षं मी जे घासलं त्यात काय होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. उस्ताद खोकून खोकून गेला. कशानं, ते कुणी तपासलं नाही. २०१६ साली सरकारनं नियम केला, रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं नको. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. साहेबाच्या भिंतीला नियम आहे, गाडी घासणाऱ्या पोराच्या फुप्फुसाला नाही. आणि नवा रंग म्हणजे सुटका असंही नाही. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडतो.

म्हणून गॅरेजच्या पोरांना भेटाल तेव्हा घोषणेच्या आधी एवढं सांगा. सुकं घासू नका, पाण्यानं घासा. तो चिखल सुकायच्या आत पुसून काढा, सुकला की पुन्हा धूळच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, मालकाकडं खरा मास्क मागा, भांडून मागा. भाकरीला हात लावायच्या आधी हात धुवा. कामाचे कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलू नका, शिसं लेकरांच्या मेंदूवर जातं.

पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले, लोक हळहळले. त्या टॅक्स्यांचा पिवळा रंग घासणाऱ्या हातांचा फोटो मला कुठं दिसला नाही.

साहेबांच्या गाडीची ती लाल चिंधी मी धुतलेली नाही. खिळ्याला टांगली आहे. नवीन पोरगा आला की आधी ती दाखवतो, मग मास्क देतो, आणि मगच वॉटर पेपर.

जयभीम.