सुटून येणारी वीट

आम्हां बडोद्याकडील मराठी मंडळींचे पूर्वज दगडाच्या मुलखातून मातीच्या मुलखात आले. १७३४ साली गायकवाडांनी बडोदे घेतले आणि त्यामागोमाग दक्खनेतील घराणी येथे स्थिरावत गेली. सह्याद्रीचा काळा पाषाण येथील सपाटीत हाताशी नव्हता. पावागडावरून उतरणाऱ्या विश्वामित्रीसारख्या नद्यांचा गाळ मात्र विपुल होता. वीट आम्हांस अनोळखी होती असेही नव्हे. १७३२ साली उभा राहिलेला शनिवारवाडा खाली दगडाचा व वर विटांचाच होता. आणि आमचा पांडुरंग तर युगानुयुगे विटेवरच उभा आहे.

गुजराथेला वीट शिकविण्याचे श्रेय मात्र आपणांस घेता येणार नाही. लोथल येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच घरे कच्च्या विटांची, तर न्हाणी व मोऱ्या भाजलेल्या विटांच्या बांधीत असत. पाणी लागेल तेथेच भट्टीचे सरपण खर्ची घालावे, हा त्यातील विवेक. त्या विटांच्या लांबी, रुंदी व जाडीचे ४:२:१ हे प्रमाण आजही गवंड्यास परके वाटणार नाही.

वाघोडियातील आमचे घर याच परंपरेतले. पातळ विटा, चुन्याचा दर्जा, सागवानी खांब-तुळया, पुढे ओटी, मागे माजघर. छपरावर पूर्वी नळीची कौले होती. आम्ही कौले म्हणत असू, शेजारी नळियां म्हणत. वानरे ती विस्कटून टाकीत आणि दर मृगाआधी घर शाकारावे लागे. मंगळुरास बाझेल मिशनने १८६५ साली ज्यांचा कारखाना काढला, ती एकमेकांत अडकणारी चपटी कौले आमच्याकडे आली तेव्हा हा वार्षिक व्याप उरकला. स्वयंपाकघरातील लोणच्याच्या बरण्या चिनीमातीच्या. थानगढास हा उद्योग रुजविणारे परशुराम गणपुले मराठीच, हे सांगताना वडीलधाऱ्यांचा आवाज किंचित चढे. आज त्याच सौराष्ट्रातील मोरबीच्या गुळगुळीत फरशा देशभर घरोघरी पोहोचल्या आहेत.

आता हे घर पाडावयाचे ठरत आहे. वाघोडियात औद्योगिक वसाहत आली, जमिनीला भाव आला. भाऊबंद पुण्यात, मुंबईत, परदेशी विखुरले. बाकीच्यांच्या सह्या झाल्या आहेत, आमची तेवढी उरली आहे. रावपुऱ्यातील तांबेकरवाड्याला भिंतीवरील चित्रांमुळे पुरातत्त्व खात्याचे कवच लाभले. चारचौघांसारख्या घरांना ते कोठून मिळावे? पावसात भिंती ओलावतात, तुळयांना वाळवी लागली आहे, आणि तेथे राहणारे कोणी नाही. घर राखावे असा हट्ट धरण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आम्ही जाणतो.

अट एकच घातली आहे : घर यंत्राने पाडू नये, हाताने उतरवावे. कंत्राटदार हसला. यंत्राचे काम दोन दिवसांचे, हाताचे महिनाभराचे. पण ही केवळ भावुकता नव्हे. चुना विटेपेक्षा मऊ असतो. सांधा खरवडला की वीट अखंड सुटून येते आणि दुसऱ्या भिंतीत पुन्हा बसते. सिमेंट विटेहून कठीण. तेथे सांधा सुटत नाही, वीटच फुटते. जुन्या गवंड्याने भिंत बांधतानाच ती पुढे मोकळी करता येईल अशी सोय ठेवली होती. आज आपण बांधतो त्या घरांतून नातवंडांच्या वाट्याला राडारोडाच येईल.

उतरलेल्या विटांतून गावच्या वाचनालयाभोवती कुंपणभिंत घालावी, असे आम्ही भाऊबंदांस लिहिले आहे. मजुरी आमच्या हिश्श्यातून वळती करावी, असेही कळविले. दोघांचा होकार आला, तिघांची उत्तरे यावयाची आहेत. ती येईपर्यंत आमची सही होणार नाही. ज्या वाचकांच्या घरी असाच कागद येऊन पडला असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी भिंतीचा एक सांधा नखाने खरवडून पाहावा. भुकटी निघाली, तर तेथील वीट अजून कामाची आहे.