हमिंग

ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की वडसा लागते. सरकारी कागदांवर तिचे नाव देसाईगंज. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे हे माहेर. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडळ्या येथून निघतात आणि होळीच्या सुमारापर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी रात्र-रात्र प्रयोग करीत फिरतात. ह्या रंगभूमीविषयी लिहिणारे संहितांविषयी लिहितात, क्वचित नटांविषयी. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर जरा अधिक लिहिले गेले. रंगमंचाच्या पुढ्यात बसणाऱ्या वादकांकडे मात्र अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. त्या रांगेत आम्ही काही हंगाम, शनिवारच्या रात्रीपुरते, गिटार घेऊन बसलो आहोत. सोमवारी वर्गात रससिद्धान्त शिकवायचा आणि शनिवारी तो पोटापाण्याला लावायचा, असा क्रम होता.

एकाच रात्री ह्या गिटारीला काय काय व्हावे लागते! लावणीत तिने तुटक, धारदार बोलावे. विरहगीतात ओलसर, लांबट. खलनायक आला की गुरगुरावे. हे सारे ठरते ते तारांखालच्या पिकअपवर. लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच त्याचा संसार. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते. आमच्या गिटारीत असे तीन एकेरी पिकअप होते. लावणीला त्यांच्यासारखा दुसरा आवाज नाही, हे आमचे मत आजही बदललेले नाही.

पण एकेरी वेटोळे भोळे असते. तारेचे ऐकते तसे शेजारच्या विजेचेही ऐकते. तिची पन्नास आवर्तनांची भणभण ते इमानाने स्पीकरपर्यंत पोचवते. साऊंडवाले हिला ‘हमिंग’ म्हणतात. २००६ सालच्या एका प्रयोगात, गावात भारनियमन, मंडपामागे जनरेटर, बाप मरणाला टेकलेला. प्रवेशात मधूनमधून एकेक सूर सोडायचा होता, म्हणून आवाजाची कळ मिटून बसता येत नव्हते. प्रकाश हळूहळू उतरू लागला आणि भणभण चढू लागली. त्यामागचे कारण पुढे कळले: डिमर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असला तर बरा, अर्ध्यावर आला की तो विजेची लाट मध्येच कापतो आणि तेव्हाच सर्वाधिक कुरकुरतो. म्हणजे करुण रसाची वेळ हीच नेमकी हमिंगची वेळ. मुलीचे काम करणारी नटी हुंदका अर्ध्यावर सोडून क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मागे कोणीतरी हसले. बाप मेला, पण रडले कोणी नाही.

ह्या दुखण्यावरचे औषध गिटारवाल्यांना ठाऊक आहे. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दुहेरी पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन वेटोळी परस्परांच्या उलट जोडलेली असतात आणि त्यांची चुंबकेही उलट असतात. बाहेरची भणभण दोहोंत विरुद्ध येऊन मिटते. तारेचा सूर मात्र दुणावतो. आम्ही नागपूरहून एकेरीच्या जागेत मावणारे तीन दुहेरी पिकअप आणवले आणि बसवून घेतले. पुढच्या प्रयोगात बापाचे मरण निःशब्द पार पडले, बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या. खलनायकाची गुरगुरही भरदार झाली. आम्ही प्रसन्न.

पहाटे ऑर्गनवर बसणारे वृद्ध मास्तर चहाचा कप हातात देत म्हणाले, “गुरुजी, भणभण गेली जी. पन लावणीत तुमची गिटार कोठं होती?”

कोठेच नव्हती. वेढे वाढले की सुराचा वरचा, झणझणीत भाग बोथटतो. त्यात दुहेरी पिकअप तारेचा अधिक रुंद तुकडा एकदम ऐकतो, म्हणून बारीक कंगोरे एकमेकांत विरतात. ढोलकी आणि घुंगरांच्या गर्दीत गिटारीला वाट काढून देत होते ते नेमके हेच कंगोरे. मास्तरांना वेटोळ्यांतले काही कळत नव्हते, कानांतले सर्व कळत होते. (आमच्या समीक्षेचे बहुधा उलट असते.)

महिनाभर आम्ही तळ्यात-मळ्यात केले. नटीचा हुंदका एका बाजूला, लावणी दुसऱ्या बाजूला. आणि प्रेक्षक दोहोंसाठी तिकीट काढून आलेला. अखेर जुने एकेरी पिकअप परत बसवले. भणभणीवरचा उतारा मास्तरांनीच काढला. गिटारीचे तोंड फिरवले की ती कमी-जास्त होते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. वेटोळे विजेच्या क्षेत्राला आडवे धरले की ते जवळजवळ बहिरे होते. मग दर गावी प्रयोगाआधी डिमर अर्ध्यावर ठेवून ते आमची खुर्ची बोट-बोट सरकवीत आणि आवाज मिटला की पायांपाशी विटेचे तुकडे लावून ठेवीत. ही जागा बहुतेक ठिकाणी रंगमंचाकडे पाठ करणारी निघे. त्यामुळे बापाचे मरण त्या हंगामात आम्हांला एकदाही दिसले नाही. प्रवेश कोठवर आला हे आम्ही समोरच्या तबलजीच्या चेहऱ्यावर वाचत असू.