मंद आचेची परीक्षा

विजेची शेगडी घ्यायला गेलं की दुकानदार आधी वॅट सांगतो. दोन हजार, बावीसशे, आणि पाणी किती झटपट उकळतं ते. पाणी कुठल्याही शेगडीवर उकळतं. मी स्वयंपाकाचे वर्ग घेते. ज्या हॉलमध्ये सिलिंडर आणू देत नाहीत तिथे शेगडी पिशवीतून माझ्याबरोबर जाते. ती निवडताना मी एकच बघते: सगळ्यांत खालच्या आकड्यावर ती कशी वागते. रवा भाजणं, खवा परतणं, बासुंदी आटवणं, आपले सगळे नाजूक पदार्थ त्या आचेवरच साधतात किंवा बिघडतात.

म्हणून दुकानात दोन वाट्या पाणी उकळायला लावावं आणि मग आच अगदी खाली आणावी. पुष्कळशा स्वस्त इंडक्शनला खरी मंद आच जमतच नाही. ४०० वॅट लावले तरी आतून ती हजार-बाराशेनंच चालते. काही सेकंद चालते, काही सेकंद बंद राहते, सरासरी तेवढी भरते. पातेल्यात हे स्पष्ट दिसतं. बुडबुडे एकदम उसळतात, विरतात, पुन्हा उसळतात. रवा भाजताना त्या चालू क्षणांत उलथनं जरा थांबलं की कढईच्या मधोमध तांबूस गोल उमटतो आणि कडेचा रवा पांढराच राहतो. चांगल्या शेगडीवर पाणी एका लयीत बारीक उकळत राहतं. अशी शेगडी महाग पडते, पण चार पैसे जास्त मोजावेत ते इथेच.

दुसरी गोष्ट कॉइलची. वरची काच ऐसपैस असली तरी खालची कॉइल बहुतेकदा वीतभरही नसते, त्यामुळे मोठ्या तव्यावरची भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. तवा सपाट बुडाचा आणि जाड हवा, आणि आधी मध्यम आचेवर निवांत तापू द्यायला हवा. भरपूर आचेवर रिकामा ठेवला की काचेखालचा सेन्सर वीज तोडतो, आणि ऐन भाकरीच्या वेळी शेगडी बंद पडते.

भांड्यांसाठी फ्रीजवरचं चुंबक काढून बुडाला लावावं. घट्ट चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालेल. लोखंडाला चिकटतं, ॲल्युमिनियमला, पितळेला नाही. स्टीलचा भरवसा नाही, कारण ३०४ जातीच्या स्टीलला चुंबक लागत नाही, ४३० ला लागतं. ज्यांच्या घरी आजीची कल्हईची पितळी पातेली रोज वापरात आहेत त्यांना मी इन्फ्रारेड शेगडी घ्यायला सांगते. तिच्यावर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं, जाळी ठेवून फुलकाही फुगतो. मात्र बंद केल्यावरही तिची काच बराच वेळ तापलेली असते, म्हणून दूध वर आलं की बटण शोधत बसू नये, पातेलं उचलावं. उघड्या कॉइलची जुनी शेगडी मी कुणालाच सुचवत नाही. ओला हात आणि उघडी तार जवळ येऊच नयेत.

आता प्लग. २३० व्होल्टवर दोन हजार वॅट म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर. टीव्ही-मोबाइलचा छोटा पॉइंट सहा अँपिअरचा असतो. तिथे ही शेगडी लावली की पिन तापते, प्लास्टिक वितळतं. तिला सोळा अँपिअरचाच पॉइंट हवा, साधा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पॉवर पॉइंट नसेल तर बाराशे वॅटची घ्यावी आणि वरण शिजायला थोडा वेळ द्यावा. बटणं दाबायची असावीत. पिठाच्या हातांना स्पर्शाची बटणं दाद देत नाहीत.

शिकायला परदेशी निघालेली मुलंमुली इथूनच शेगडी न्यायची का विचारतात. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, आपली शेगडी तिथे चालायची नाही. जर्मनीत व्होल्टेज आपल्यासारखंच, पण पिन वेगळी. शेगडी तिकडेच घ्या, सपाट बुडाचा लोखंडी तवा मात्र इथून न्या, असं मी त्यांना सांगते.