घोडनदी ते दौंड : तुमचा शर्ट कुणी शिवला?

मुलांनो, सहलीला निघताना आपण पाण्याची बाटली घेतो, टोपी घेतो, आई खाऊचा डबा देते. आजच्या सहलीला आणखी एक गोष्ट हवी. तुमच्या अंगातला शर्ट किंवा फ्रॉक! त्याच्या कॉलरच्या आत बघा. एक छोटीशी पट्टी शिवलेली असेल. तिच्यावर कंपनीचं नाव आहे, माप आहे, कपडा कसा धुवायचा तेही आहे. पण ज्यांनी तो शिवला त्यांचं नाव आहे का? नाही ना? मग चला, त्या हातांचा माग काढत पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात एक चक्कर मारू.

पुण्याहून नगर रस्त्याने एस.टी. निघाली की वाघोली, शिक्रापूर ही गावं मागे पडतात. मग अष्टविनायकांपैकी महागणपतीचं रांजणगाव येतं. तिथली औद्योगिक वसाहत ओलांडली की थोड्याच वेळात शिरूर. गाव घोड नदीच्या काठी वसलेलं, म्हणून जुनी माणसं त्याला अजून 'घोडनदी' म्हणतात. सह्याद्रीपासून लांब असल्यामुळे इकडे पाऊस बेताचा. त्यामुळे माळरानं पुष्कळ, आणि माळरानावर मेंढरं! शेतकरी आपल्या रानात धनगरांची मेंढरं बसवून घेतात. जमिनीला खत मिळतं आणि धनगरांना त्याचा मोबदला.

या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी होते. कशी, ठाऊक आहे? आधी मेंढरांना पाण्यात घालून धुतात. मग कातरीने लोकर कातरतात, पिंजतात आणि धनगरांच्या बायका चरख्यावर तिचं सूत काढतात. सणगर समाजाचे विणकर ते मागावर विणतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि ती सुताला लावायची, म्हणजे घोंगडी कशी टणक होते. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतली की काम भागलं! रात्री अंथरायलाही तीच आणि पांघरायलाही तीच.

आता गंमत बघा. घोंगडी घेणाऱ्याला ती कुणी विणली हे पूर्वी विचारावं लागत नसे. विणकर स्वतःच बाजारात खांद्यावर घोंगड्या टाकून बसलेला असायचा. वीण सैल निघाली तर पुढच्या बाजारी गिऱ्हाईक त्यालाच जाऊन धरणार! आणि घासाघीस करताना विणकराचा चेहराही गिऱ्हाइकाला दिसायचा. आता गिरणीतली स्वस्त ब्लँकेटं आली, प्लॅस्टिकचे कागद आले, आणि घोंगडीचं गिऱ्हाईक घटलं. लोकरीला असा भाव येतो की कधीकधी कातरण्याची मजुरीही सुटत नाही.

शिंप्याचंही तसंच. तालुक्याच्या कुठल्याही पेठेत जा, एखादं तरी जुनं शिंप्याचं दुकान सापडेलच. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, हातात खडू. त्यांच्या वहीत तुमच्या आजोबांच्या सदऱ्याचं मापसुद्धा असायचं, शेजारी कापडाचा चिमुकला तुकडा टाचलेला. आई हळूच सांगायची, "काका, वाढतं अंग आहे, जरा दुमड ठेवा हं!" आणि काका दुमड ठेवायचे. रेडिमेडच्या दुकानात हे कुणाला सांगणार?

शिरूरहून दौंड तालुक्याकडे जाणारा रस्ता न्हावऱ्यावरून जातो. मध्ये भीमा नदी लागते. आपली घोड नदी पुढे जाऊन या भीमेलाच मिळते बरं का! नदी ओलांडली की उसाची हिरवीगार शेतं सुरू होतात, आणि चौफुल्याजवळ केडगाव येतं.

केडगावात थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही. पंडिता रमाबाईंचं हे गाव. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी 'शारदा सदन' काढलं. पुढे ते पुण्यात आलं. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुलींना आधार दिला आणि केडगावच्या उघड्या माळावर 'मुक्ती सदन' उभं केलं. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती! एवढ्यांना खायला काय, ल्यायला काय? रमाबाईंनी विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना घातला, माग बसवले, मुलींना विणायला आणि शिवायला शिकवलं. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या मुली स्वतःच्या हातांनी कमवू लागल्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पण त्यांची संस्था आजही केडगावात आहे.

केडगावहून लोकलसारख्या गाडीने दौंड गाठायचं. इंग्रज या गावाला 'धोंड' म्हणत. दौंड हे मोठं जंक्शन. इथून एक लोहमार्ग सोलापूरकडे जातो आणि दुसरा मनमाडकडे. हा मनमाडचा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. फलाटावर उभं राहून दोन्हीकडे नजर टाका. दोन्ही बाजूंना कापडाची गावं आहेत!

सोलापूर चादरींसाठी आणि टॉवेलांसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हाला माहीत असेल. पण तिथे शाळेचे गणवेशही मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. एक जण कापड कापतो, दुसरी बाह्या जोडते, तिसरी काजं करते, कुणी बटणं लावतं, कुणी इस्त्री करतं. बऱ्याच कामांची मजुरी नगावर ठरते. म्हणजे जितके नग, तितके पैसे. तुमच्या गणवेशाच्या पाठीमागे अशी आठ-दहा माणसं तरी उभी असतात, पण तुम्ही त्यांना कधी पाहिलेलं नसतं.

मनमाडच्या बाजूला आहे येवला. तिथे पैठणी विणतात. काठापदरावरचे मोर नि वेली विणकर एकेक धागा हाताने फिरवून काढतो. एका पैठणीला कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा लागतात. म्हणून पुष्कळ लोक थेट येवल्याला जातात, विणकराच्या घरी माग बघतात आणि साडी घेतात. एवढा वेळ लागतो हे डोळ्यांनी पाहिलं की किंमत आपोआप कळते.

न पाहिल्यामुळे काय होतं? २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ 'राणा प्लाझा' नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकामगारांना कामावर बोलावलं गेलं. अकराशेहून अधिक माणसं गेली. ते कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांसाठी होते, आणि विकत घेणाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानंतर अनेक देशांतले लोक कंपन्यांना विचारू लागले, "माझे कपडे कुणी शिवले?" या प्रश्नामुळे काही कंपन्यांना आपल्या कारखान्यांची यादी जाहीर करावी लागली.

पण नुसतं नाव कळून पोट भरत नाही हं! आपल्याकडे गांधीजींनी हे फार आधी ओळखलं होतं. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ निघाला. खादी स्वस्त मिळावी म्हणून सूत कातणाऱ्या बायकांना फार थोडी मजुरी मिळते, हे त्यांना खटकलं. खादी महागली तरी चालेल, पण कातणारीला पोटापुरतं मिळालंच पाहिजे, असा आग्रह त्यांनी १९३५ मध्ये धरला.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. पुढच्या वेळी कपडे घ्यायला गेलात की दुकानदारांना विचारा, "काका, हा कुठे शिवला?" कदाचित ते हसतील, कदाचित सांगतीलही. सणाला एखादा तरी कपडा गावातल्या शिंप्याकडे शिवून घ्या. त्यांनी सांगितलेली शिलाई जास्त वाटली, तर कमी करा म्हणण्याआधी दहा मिनिटं दुकानात बसून त्यांचं काम बघा. हातमागाच्या कापडावर सरकारी 'हँडलूम मार्क' आहे का ते बघा. ही खूण २००६ पासून मिळते. आणि एखादं बटण तुटलं तर स्वतः लावून बघा. सुई दोन-तीनदा बोटात घुसली, की एका शर्टाला किती मेहनत लागते ते पुस्तकापेक्षा लवकर कळेल!