स्टिअरिंगची थरथर

ताम्हिणी उतरून विळ्याच्या अलीकडे एक सरळ पट्टा लागतो. स्पीड जेमतेम पंचावन्न. रस्त्यात डांबराचा एक छोटासा उंचवटा आला, पुढचं डावं चाक त्यावरून गेलं आणि पुढच्या सेकंदाला स्टिअरिंग माझ्या हातात वेड्यासारखं डावी-उजवी, डावी-उजवी करायला लागलं. डॅशबोर्ड थडथडला, आरसा फिरला, शेजारी बसलेल्या निखिलच्या हातातलं वेफर्सचं पाकीट त्याच्याच मांडीवर उपडं झालं. ब्रेक हळूहळू दाबत तीसच्या खाली आणली तेव्हा कुठे सगळं शांत. इतकं शांत, की आपल्यालाच भास झाला असावा असं वाटावं!

निखिल वेफर्स झटकत फक्त एवढंच म्हणाला, "वीक, गं."

वीक म्हणजे विकून टाक.

सांगायचं राहिलं. माझी गाडी जिप्सी. 1985 साली आपल्याकडे आलेली, आता बंद होऊनही काही वर्षं झालेली, पुढे-मागे पाट्यांची, पॉवर स्टिअरिंग नसलेली जिप्सी. त्यातून माझी 'लिफ्टेड'. आधीच्या मालकाने लांब शॅकल आणि मोठे टायर टाकून ती चांगली तीन इंच उचललेली. फोटोत काय दिसते म्हणून सांगू! मी त्या फोटोंच्याच प्रेमात पडले होते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सिक्युरिटीवाले काकासुद्धा एकदा प्रदक्षिणा घालून गेले.

पहिल्या गॅरेजने बॅलन्सिंग करून दिलं. आता बॅलन्सिंगची थरथर कशी असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती एका ठरावीक स्पीडला येते, समजा सत्तर-पंच्याहत्तरला, आणि अजून जोरात गेलात की बऱ्याचदा विरते. त्यासाठी खड्डा लागत नाही. माझी थरथर एखाद्या धक्क्याने सुरू व्हायची आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबायचीच नाही. हा वेगळाच आजार. बॅलन्सिंगचे पैसे पाण्यात.

दुसऱ्या गॅरेजने स्टिअरिंग डँपर बदलला. नवा कोरा, जाडजूड. आणि काय आश्चर्य, थरथर बंद! मुळशीपर्यंत जाऊन आले, काही नाही. त्याच रात्री निखिलने फोटो काढले, जाहिरात टाकली, आणि दोनच दिवसांत नाशिकच्या एका मुलाचा फोन आला. आवाजावरून आमच्याच वयाचा. "ताई, टोकन पाठवू का? रविवारी घ्यायलाच येतो."

मी म्हटलं, आधी बघून तर जा.

का म्हटलं कुणास ठाऊक. मी टेस्टिंगमध्ये काम करते. बग आपोआप गेला की आमच्या पोटात गोळा येतो. जो बग का गेला ते कळत नाही, तो गेलेला नसतो. लपलेला असतो.

म्हणून शुक्रवारी हाफ डे टाकून एका जुन्या मेस्त्रींकडे गेले. जीपगाड्याच करतात, साठीच्या पुढचे. त्यांनी मला काही विचारायच्या आधी डँपरच काढून बाजूला ठेवला. म्हणाले, "पोरी, ताप आलाय तर गोळी देऊन थर्मामीटर कशाला लावायचा?"

मग त्यांनी मला ड्रायव्हर सीटवर बसवलं. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. "हलकं डावी-उजवी कर." ते स्वतः खाली आडवे, हात एकेका जॉइंटवर. टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्स. जो जॉइंट सैल असतो तो डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला 'टक्' असा कळतो म्हणे. मला खाली बोलावून माझं बोट ठेवायला लावलं. सगळं घट्ट होतं. पाट्यांचे यू-बोल्ट तेवढे अर्धा-पाऊण आटा सैल निघाले. लिफ्ट केल्यावर काहीशे किलोमीटरनी ते पुन्हा आवळायचे असतात, कुणी आवळत नाही. स्पीड ब्रेकरवर येणारा माझा 'ठक्' आवाज त्यांचाच. मी तीन महिने शॉकअपवर संशय घेत होते!

मग पुढचं चाक जॅकवर, खाली घोडा लावून. चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवलं. हललं. थोडंसंच, पण हललं. मला वाटलं, व्हील बेअरिंग. मेस्त्री म्हणाले, "ब्रेक दाब." ब्रेक दाबला की हब आणि नकल एक होतात, बेअरिंगचा खेळ थांबतो. तरीही चाक हलत होतं. म्हणजे खेळ त्याच्याही आत, किंगपिनच्या बेअरिंगमध्ये. मला ही ट्रिक इतकी आवडली की मी तिथेच दुसऱ्या चाकावर करून बघितली. तेही हललं.

पण मूळ कारण अजून पुढे होतं. ते म्हणजे ती लिफ्टच. स्कूटरचा पुढचा फोर्क बघा, मागे कललेला असतो ना? त्या कलामुळे हँडल सोडलं तरी चाक सरळ राहायला बघतं. गाडीतही तोच प्रकार, त्याला कॅस्टर म्हणतात. जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल अगदी पुढच्या टोकाला असतात. तिथे लांब शॅकल टाकले की सगळा ॲक्सल पुढच्या बाजूला वाकतो, कल मरतो. मग मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं चाक कसं उगाच फडफडतं, तसं. त्यात मोठे टायर, त्यात सैल किंगपिन. डँपर बिचारा एकटा किती धरून ठेवणार? तो झिजला की थरथर परत.

"गाडी घेतली तेव्हाही डँपर नवाच होता का?" मेस्त्रींनी विचारलं.

होता. चकाचक. मी तर तो प्लस पॉइंट समजले होते.

घरी येताना डँपर परत लावलेला, गाडी लोण्यासारखी चालत होती. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात तीनदा गाडी विकली. मलाही कुणी सांगितलं नव्हतं ना? मी खोटं थोडीच बोलणार होते? विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर...

रात्री त्या मुलाला सगळं टाइप करून पाठवलं. किंगपिन, कॅस्टर, डँपर. शिवाय तेही, जे मी स्वतः घेताना वाचलं नव्हतं: मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय. म्हणजे अपघात झाला तर इन्शुरन्सचा प्रश्नही आलाच.

त्याचं उत्तर आलं, "पण ताई, डँपर असताना थरथरत नाही ना?"

"नाही."

मग बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं. शेवटी एक अंगठा आला, आणि रविवारी कुणीच आलं नाही. निखिल दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. चूक त्याचीही नव्हती. ईएमआय आमच्या दोघांच्या खात्यातून जातो.

मग लांब शॅकल उतरवले. किंगपिनची बेअरिंगं बदलली, शिम लावून नीट बसवली. पाटे आधीच थोडे जास्त कमानीचे टाकलेले निघाले, म्हणून पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये तीन डिग्रीची लोखंडी पाचर. टायरही मूळ मापाचे. गाडी आता फोटोत पूर्वीइतकी भारी दिसत नाही, हे मान्य. पण डँपर काढूनसुद्धा त्याच पट्ट्यावरून पंचावन्नने नेली. उंचवटा आला, गेला. स्टिअरिंग जागचं हललं नाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. पाचर घातली की कल परत येतो, पण डिफरन्शियलचं नाक खाली झुकतं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटला जास्त कोन येतो. हब मोकळे असतील तर तो शाफ्ट फिरतच नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर कळत नाही. हब लॉक केले की चाळीसच्या आसपास फ्लोअरखालून घूं-घूं येते.

परवा पौडच्या पुढे कच्च्या रस्त्यावरून परत डांबरावर आलो आणि मी हब उघडायला विसरले. निखिलने कान टवकारले. "हा कुठला आता?"

"पुढचा शाफ्ट."

"कशावरून?"

मी गाडी बाजूला घेतली. "उतर. तुझ्या बाजूचा हब फ्रीवर फिरव, मी माझा फिरवते. मग ऐक."

तो उतरला. नव्या शूजवर चिखल उडाला तरी काही बोलला नाही.